आडवी झाडं

झाड आडवं पाडायचं पण मारायचं नाही, यात मेरिटचा हात चांगला बसला होता. कमरेच्या उंचीवर तिरका काप घ्यायचा, तीनातले दोन हिस्से खोड कापलं की करवत बाहेर काढायची आणि झाड हातानं ढकलायचं. उरलेल्या सालीच्या पट्ट्यावर ते गुडघे टेकावेत तसं खाली येतं, आणि जगतं. वसंतात त्या आडव्या खोडावर वीत वीत धुमारे फुटतात, हरणाच्या तोंडाला सहज येतील असे. नाहीतर उंच, दाट रानात ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही. खाली खायला काही नाही, तर हरणं येतील कशाला? पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या त्या डोंगरांत ज्याच्याकडे चार एकर रान आहे, तो फेब्रुवारीत करवत घेऊन आत शिरतोच.

मेरिट तीन हिवाळे कापत होता ते बापासाठी. आल्व्हा ब्याऐंशीचा झाला होता. बायको गेल्यापासून म्हातारा खिडकीपाशी खुर्ची टाकून बसे आणि ताटातल्या प्रत्येक पदार्थाला नावं ठेवी. चाळीस वर्षं चर्चमध्ये पहिल्या रांगेत उभं राहून गाणारा माणूस, पण त्याच्या तोंडून आता गाण्याचं एक अक्षर निघत नव्हतं. यंदा डॉक्टरांनी मेरिटला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हे असेच बसून राहिले तर वर्ष काढायचे नाहीत. म्हाताऱ्यानं एकच गोष्ट मागितली होती: आपल्या रानातलं एक हरीण, आपल्या गोळीनं. त्या निमित्तानं बाप उठेल, चार पावलं चालेल, एवढीच मेरिटची आशा. तेवढं देवानं ऐकावं म्हणून तो रोज रात्री अंथरुणाशी गुडघे टेकत असे.

धुमारे फुटले. रासबेरीच्या जाळ्या माजल्या. पण हरीण आलं नाही. हरणाला वरचे पुढचे दात नसतात. ते डहाळी कापत नाही, ओढून तोडतं, आणि टोक चिंधीसारखं उरतं. मेरिट कंबर मोडेपर्यंत वाकून टोकं तपासायचा. सगळी शाबूत.

ओढ्यापलीकडच्या क्लेटन गेरोच्या कुरणात मात्र संध्याकाळी वीस-वीस हरणं चरत. हद्दीच्या खांबांवरून त्याचं आणि मेरिटचं जुनं वाकडं होतं. दुकानात गाठ पडली तेव्हा गेरो सगळ्यांच्या देखत म्हणाला, "ओढ्यापर्यंत येतात, तुझ्या रानाकडे तोंड करून उभी राहतात आणि मागे फिरतात. आत काय पाळलंयस ते तुझं तुला ठाऊक."

सप्टेंबरात मेरिटला एक चेरीचं झाड आडवं पडलेलं दिसलं. ते त्यानं पाडलेलं नव्हतं. खोड वाकलं होतं ते मेरिटच्या दुप्पट उंचीवर, आणि तिथं कापच नव्हता. दोन हिस्से लाकडाच्या शिरा ओढून उसवल्यासारख्या होत्या, एक हिस्सा साल अखंड. पानं हिरवी. खाली भुशाचा कण नाही. काम मात्र इतकं सफाईचं, की मेरिटच्या मनात भीतीच्या आधी असूयाच आली.

तो तडक गेरोच्या दारात गेला. गेरोनं जाळीचं दार न उघडताच ऐकून घेतलं. शिडी लावून तुझी झाडं वाकवायला मला भिकेचे डोहाळे लागलेत का, असं त्यानं विचारलं, आणि पुन्हा या पायरीवर दिसलास तर कुत्रा सोडीन म्हणाला.

पुढच्या आठवड्यात अशी अकरा झाडं झाली. गोल करून, सगळी बाहेरच्या बाजूला लवलेली. आणि मधोमध, इतकी वर्षं मेपलांच्या सावलीत दडलेलं, मेरिटला माहीतही नसलेलं सफरचंदाचं जुनं झाड. त्याच्या अंगावर आता थेट ऊन पडत होतं आणि ते फळांनी वाकलं होतं. चांगला जाणकार हेच करतो: फळझाडाभोवतीची गर्दी हटवतो, म्हणजे जनावर ओढीनं येतं. पण खाली पडलेल्या सफरचंदांना एकाही जनावराचं तोंड लागलं नव्हतं.

चार फळं खिशात घालून त्यानं घरी आणली. आल्व्हानं एक फोड तोंडात टाकली आणि चाकू हातातच राहिला. मग म्हणाला, आमच्या जुन्या घराच्या मागे याच चवीचं झाड होतं, घर जळलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. झाड नेमकं कुठं आहे, हे त्यानं तीनदा विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर म्हाताऱ्यानं बूट मागितले. मग तो रोजच काठी टेकत जाऊ लागला, दुपारी परत येऊ लागला. तोंडावर तुकतुकी आली. ऑक्टोबरच्या एका दुपारी बाहेर बूट काढता काढता तो गुणगुणला, चर्चमधलंच एक जुनं गीत, सूर जरा घसरलेला. मेरिट मोरीशी ओल्या हातांनी तसाच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं मनातल्या मनात देवाचे पाय धरले.

बापाला पायवाट जमते ना, हे बघायला तो त्या आठवड्यात मागोमाग गेला, तेव्हा त्याला ती वाट नीट दिसली.

वाट मेरिटनं काढलेली नव्हती. तिच्यावर ठेच लागेल असं एक मूळ नव्हतं. दोन्ही बाजूंना झाडं आडवी, शेंडे एकमेकांत विणलेले. एक-दोन फटी सोडल्या तर बाजूला पाऊल टाकायला जागा नाही. आत जायची वाट एक, आणि बाहेर यायची तीच.

आणि सफरचंदापासून वर चढावाकडे गेलेला एक सरळ पट्टा, चाळीस पावलांचा. त्यात एक काडी आडवी येत नव्हती. हा पट्टा कशासाठी असतो हे मेरिटला कुणी सांगायला नको होतं. आपल्या मचाणासमोर त्यानं स्वतःच्या हातानं असाच पट्टा मोकळा केला होता, गोळीला काही आड येऊ नये म्हणून.

तो वर चढून गेला. टोकाला हेमलॉकचं एक जुनं, सुईसारख्या पानांचं झाड. बुंध्याशी कुणीतरी बसून बसून जमीन दगडासारखी झालेली, पण ठसा एकही नाही. तिथून वळून खाली पाहिलं, तर बरोबर समोर सफरचंदाचं बूड, आणि बाप टेकून बसतो तिथलं झिजलेलं गवत.

त्या दुपारी त्यानं बापाला सांगितलं, की उद्यापासून तिकडे जायचं नाही.

"तीन वर्षं करवत चालवलीस, हरणाची एक मादी फिरकली नाही," म्हातारा म्हणाला. "दुसऱ्यानं चार दिवसांत जमवलं म्हणून पोटात दुखतंय तुझ्या."

"दुसऱ्यानं म्हणजे कुणी, बाबा?"

आल्व्हानं चाकू मांडीला पुसला. "मला काय करायचंय. मी खातो. तो काही बोलत नाही."

त्यापुढे मेरिटनं काय काय विचारलं, पण म्हाताऱ्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच.

म्हातारा तरी रोज जातच राहिला. नोव्हेंबरच्या शेवटी शिकारीचा हंगाम उघडला. मेरिटनं ठरवलं होतं, की आज ते सफरचंदाचं झाड बुडापासून कापायचं. बाप शिव्या देईल, पुन्हा खुर्चीत बसेल, पण घरात राहील. तो करवतीत तेल भरून आत आला, तर खुर्ची रिकामी होती. बूट नव्हते.

सकाळचे दहा. स्वच्छ ऊन. चारी बाजूंच्या डोंगरांवरून बंदुकांचे आवाज येत होते. या रानात मात्र पक्षीसुद्धा बोलत नव्हता.

वाटेवर काल एक-दोन जागी फट होती. आज नव्हती.

आल्व्हा झाडापाशी उभा होता. अंगात शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट, हातात अर्धं सफरचंद. चढावाकडे त्याची पूर्ण कूस, नेम धरणाऱ्याला हवी तशी.

मेरिटनं करवत खाली ठेवली. आवाज न करता तो पुढे गेला आणि बाप आणि पट्टा यांच्या मधोमध उभा राहिला, चढावाकडे पाठ करून. त्याची पाठ रुंद होती. समोरचं म्हातारं अंग तिच्याआड पुरतं झाकलं गेलं.

"बाबा, चला घरी."

"हळू बोल," आल्व्हा म्हणाला.

तो चघळत होता. त्याची नजर मेरिटच्या खांद्यावरून वर गेली, तिथं क्षणभर थांबली आणि पुन्हा फळावर आली. भीतीचा लवलेश नव्हता. सबंध ऑक्टोबर त्याला इथं कुणी धक्का लावला नव्हता.

माद्यांना कुणी धक्का लावत नाहीच. मेरिटनंही कधी लावला नव्हता. त्यांना निवांत खाऊ द्यायचं, रोज येऊ द्यायचं, म्हणजे हंगामात त्यांच्यामागून नर...

त्याला वळायचं होतं. मान वळेना.

म्हातारा चघळत चघळत दोन पावलं बाजूला सरकला, खाली पडलेलं दुसरं फळ घ्यायला.

मागे, चाळीस पावलांवर, कुणीतरी श्वास सोडला. बोट दाबण्यापूर्वी नेमबाज सोडतो तसा, हळू, अर्धाच, आणि तिथंच धरून ठेवला.