चौथा दोर

आजवर बाहेर कुणाला सांगितलं नाही. तुम्ही निवांत बसलाच आहात, तर सांगते.

वादळ संध्याकाळपर्यंत येणार, असं सकाळपासून सगळे सांगत होते. माझं शिवणाचं दुकान आणि मागची राहायची खोली एकाच पत्र्याखाली. मशिनी टेबलावर चढवल्या, कापड प्लास्टिकमध्ये बांधलं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे घर सोडायचा प्रश्नच नव्हता. पत्रे टिकले तर आम्ही टिकणार.

धाकटे दीर वेल्डिंगचं काम करतात. ते दुपारी दोर घेऊन आले.

"वहिनी, मी मागच्या बोळात थांबतो. तुम्ही पुढून दोर पत्र्यावरून फेका. मी मेखेला बांधून दोन हिसके दिले, की तुमचं टोक आवळा."

तीन दोर झाले. तोवर वारा इतका माजला की भावजींचा आवाजही येईना. मी चौथा फेकला. बराच वेळ काहीच नाही. मग दोर सरसर सरकला, ताणला गेला. दोन हिसके आले. माझे तळवे सोलवटून निघाले.

"जरा हळू, भावजी."

"काय हळू?"

आवाज माझ्या पाठीमागून आला. भावजी रस्त्यावर उभे होते, हातात नवी मेख.

"मागे तीनच मेखा होत्या. ही आणायला गेलो होतो. जाताना ओरडलो की, थांबा म्हणून..."

मग त्यांची नजर माझ्या हातातल्या दोरावर गेली. तो तारेसारखा ताठ होता.

"मागे कोण आहे, भावजी...?"

"कुणी नाही. बोळाच्या दाराला मी कडी घालून आलोय..."

तेवढ्यात आतून सासूबाईंनी हाक मारली. "अगं, मागच्या भिंतीला टेकून कोण धापा टाकतंय? आत तरी बोलवा त्याला."

भावजी बघायला निघाले. मी त्यांची बाही धरली. पहिले टपोरे थेंब पडले होते आणि कडेचा पत्रा फडफडायला लागला होता. ते थबकले. माझ्या हातातलं टोक घेऊन त्यांनी पुढच्या मेखेला गाठ मारली. आम्ही एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

रात्रभर एकेक करून तीन दोर तुटले. पत्रे वर उचलले जायचे, आणि दर वेळी काहीतरी त्यांना खाली खेचून घ्यायचं. सासूबाई भिंतीला हात लावून पडल्या होत्या. "दमलाय बिचारा," एवढंच म्हणत होत्या.

उजाडलं तेव्हा शेजारच्या चार घरांवर पत्रे नव्हते. आमचे जागच्या जागी. आम्ही बोळाची कडी काढली.

तिथे मेख नव्हती, गाठ नव्हती. दोर पत्र्यावरून उतरून थेट जमिनीत गेला होता. भावजींनी हातभर उकरलं. तो खालीच जात होता, तसाच ताठ. शेवटी त्यांनी तो विळ्याने कापला.

वरचं टोक लोंबकळत राहिलं. खालचं मात्र सावकाश, कुणी निगुतीने गुंडाळून घ्यावं तसं, मातीत ओढलं गेलं.