पालथं पिंप

ग्वेन्डा प्रिचर्डची तीस वर्षं पोस्टात टपाल लावण्यात गेली होती. जिथली वस्तू तिथे नसली की तिला चैन पडत नसे. त्यामुळे ऑक्टोबरात तिने आपला घोडा बार्नबी मिसेस बेबच्या आवारात हलवला, तेव्हा त्याचं ठाण बघण्याआधी दाण्याची खोली नीट पाहून घेतली. क्लन गावच्या टेकडीखालच्या या आवारात तिच्यासकट सहा जणींचे सहा घोडे, आणि दाणा सगळ्यांचा एकाच खोलीत, जुन्या दूधघरात. उंदीर शिरू नयेत म्हणून पत्र्याची पिंपं, प्रत्येकावर घोड्याचं नाव, झाकणावर एकेक वीट. दुसरीच्या पिंपाला हात लावायचा नाही, एवढा एकच कायदा.

ग्वेन्डाकडे पिंप नव्हतं. दूधघरामागे भिंतीशी एक पालथं पडलेलं दिसलं. रविवार होता, मिसेस बेब प्रार्थनेला गेली होती, विचारायला कुणी नव्हतं. इतकं चांगलं पिंप पावसात गंजत ठेवणारी माणसं तिच्या डोक्यातच जात. तिने ते सुलटं केलं, सोड्याने घासलं, पांढऱ्या रंगाने ठसठशीत 'बार्नबी' लिहिलं आणि जवाचा भरडा नि कोंडा भरून रांगेत शेवटी ठेवून दिलं.

बार्नबी तिच्याकडे एकोणीस वर्षं होता. नवरा याच्या निम्मासुद्धा टिकला नाही, असं ती हसत सांगायची. तिची पावलं वाजली की तो पुढचा पाय दारावर दोनदा आपटायचा आणि थेट तिच्या डाव्या खिशात तोंड घालायचा. तिथे पेपरमिंटची गोळी असायची. या दोन ठोक्यांसाठी ती रोज सकाळी उठते, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबरात त्याची झूल सैल पडायला लागली. पट्टा एक भोक आत गेला, मग दोन.

"अगं, उपास करायला लावतेस की काय त्याला?" शेजारच्या ठाणावरची डिलिस म्हणाली.

"तुझ्या त्या ढोल्या घोडीने त्याचं खाल्लं असेल."

"तिला नावं ठेवू नकोस हं. ती माझ्यावर गेलीय."

दोघी हसल्या. पण बार्नबी बादली चाटूनपुसून साफ करत होता आणि खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. डॉक्टर आला. दात ठीक, पोटात जंत नाहीत, रक्त चांगलं. "वय झालंय," तो म्हणाला. "असंच उतरत गेला तर वसंत काही बघायचा नाही. मनाची तयारी ठेवा." ग्वेन्डाला त्याचा इतका राग आला की आभारही न मानता ती गाडीत जाऊन बसली, आणि मग तिला रडू फुटलं.

त्यानंतर ती दिवसातून तीन-तीन खेपा घालू लागली. घरी बसवेना, तिथे उभं राहवेना. अशाच एका खेपेत तिच्या लक्षात आलं की रोज ती दोन मापं दाणा काढते आणि पिंपातून चार जातात. उंदीर म्हणावं तर लेंडी नाही, भोक नाही. तिने झाकणाच्या कडीला लाल लोकरीचा धागा बांधला. दुसऱ्या दिवशी धागा तसाच, गाठही तिचीच. आत दोन मापं कमी.

डिसेंबरच्या एका ओल्या दुपारी केरसुणी शोधत ती कोपऱ्यातल्या सातव्या ठाणात शिरली. ते कित्येक वर्षं रिकामं होतं. आत कोंदट वास असेल असं तिला वाटलं होतं. आत घोड्याचा वास होता, नुकता खरारा केल्यासारखा उबदार. गव्हाणीचा तळ ओला, चाटून गुळगुळीत झालेला. आणि पाण्याच्या कुंडात जवाचा भरडा तरंगत होता.

ती केरसुणी न घेताच बाहेर आली.

ऑक्टोबरअखेर मिसेस बेबचं कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून ती स्वयंपाकघराच्या खिडकीपलीकडे जात नसे. तिने चहा ओतता ओतता सगळं ऐकून घेतलं.

"कुंडात भरडा?"

"हो."

"डोमिनो तसंच करायचा. आमचा काळा घोडा, त्याच ठाणातला. प्रत्येक घास पाण्यात बुडवायचा आणि मग चावत बसायचा, म्हाताऱ्या माणसाने चहात बिस्किट बुडवावं तसा." तिने किटली खाली ठेवली. "तुझं पिंप कुठलं गं?"

ग्वेन्डाने सांगितलं.

"म्हणजे डोमिनोचं," म्हातारी म्हणाली. "घोडा गेला की त्याचं पिंप रिकामं करायचं, धुवायचं आणि भिंतीशी पालथं घालायचं. तळ गंजून फुटेपर्यंत सुलटं करायचं नाही. मग सगळ्यांना कळतं की हा आता जेवणार नाही. त्यालाही कळतं. तू त्याला जेवायला बोलावलंस, पोरी."

"असलं काही नसतं, मिसेस बेब."

"नसू दे. जा, होतं तसं घालून ये."

एरवी ग्वेन्डाला असलं काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण बार्नबीच्या बरगड्या तिने त्याच सकाळी बोटाने मोजल्या होत्या. तिने दाणा गोणीत ओतला, पिंप धुतलं, मागे नेऊन होतं तिथेच पालथं घातलं. पावसात हात गारठले होते. घाईघाईने ती घरी गेली आणि कितीतरी दिवसांनी शांत झोपली.

सकाळी आवाराच्या फाटकातच डिलिसने तिला मिठी मारली. डिलिसचे डोळे लाल होते.

"कधी गेला गं? मला फोन तरी करायचास."

"कोण गेला?"

"मागे पिंप पालथं दिसलं. नाव वाचलं त्याच्यावरचं. मग त्याच्या ठाणाकडे बघवेना मला."

ग्वेन्डाने फाटक तसंच उघडं टाकलं. नाव पुसायचं राहिलं होतं.

"काहीतरीच काय!" ती धावत सुटली. "तो बघ, जेवतोय!"

आणि तो खरंच जेवत होता. उभा, तजेलदार, दाण्यात तोंड खुपसून. झुलीचा पट्टा ताणला गेला होता. एका रात्रीत असं अंग भरत नाही, हे तिला कळत होतं. तरी आनंदाने तिला हुंदका आला.

मग तिला जाणवलं, दारावर ठोके पडले नव्हते.

"बार्नबी?"

कान हलला नाही.

तिने तळहातावर गोळी धरली. त्याने हुंगली आणि मान वळवली. गव्हाणीतून घास घेतला. सावकाश पाण्याच्या बादलीपाशी गेला. घास बुडवला. चावत उभा राहिला.

मागे डिलिस काहीतरी बोलत होती. ग्वेन्डाला म्हणायचं नव्हतं. तिचे ओठच हलले.

"डोमिनो."

त्याने लगेच मान उचलली आणि ओलं तोंड घेऊन तो तिच्याकडे आला.