मागच्या खोलीचं ग्रिल

एवढ्या डिझाइना पाहून डोळे दुखले नाई काय वं अस्मिता? आण इकडे मोबाईल. अगं बाई, मोराचं ग्रिल! दिसाले झकास आहे, खोटं काहून बोलू? पण तुझ्या पोराच्या, ऋषीच्या खोलीले हेच पक्कं वेल्डिंग करून बसवलं तू? अन् पुढच्या हप्त्यात राहाले येणार? बस खाली. चहा मंग करते.

आमचं हे सक्करदऱ्यातलं घर सिंधूताईनं बांधलं. मी त्या बाईले कधी पाहिलं नाई, ती गेल्यावर तिच्या पुतण्यानं आमाले विकलं. जन्मभर जळीत वार्डात नर्स होती. बंद घरांतून कशी माणसं येतात, ते तिनं डोळ्यानं पाहिलेलं. म्हून खिडकीसमोर खिडकी, वर झरोका. मे महिन्यातबी हे घर गुदमरत नाई. अन् मागच्या खोलीच्या ग्रिलले झडप. आतून कडी सरकवली का माणूस सरळ अंगणात. काय डोकं होतं बाईचं! मी तं रोज मनातल्या मनात तिच्या पाया पडते.

फक्त एक होतं. भर दुपारी गल्लीत चिटपाखरू नसे, समोरच्या खोलीत कूलर घरघरत राहे, अन् मागून कडी सरकल्याचा आवाज ये. सर्र... जाऊन पाहावं तं झडप उघडी. खोलीत डेटॉलचा वास. आमच्याइथं डेटॉल कोणी वापरतच नाई.

आमचे हे, अंकुश, म्हणे, "हवेनं उघडत असन."

"लोखंडाची कडी? हवेनं?"

"मंग चोर येईन एखाद्या दिवशी. कुलूपच लावतो." लावलंबी. चाबी गाडीच्या चाबीत अडकवली अन् गेले खापरखेड्याले, प्लांटवर ड्युटीले.

त्याच दुपारी मी अन् पिंकी झोपून होतो. तीन वर्षांची पोट्टी माझी. जाग आली तं धूरच धूर. दारापाशी कूलरची मोटार पेटलेली, पडदे पेटलेले. बाहेर जाताच येईना. पिंकीले उचलून मागच्या खोलीत पळाली. झडपेले कुलूप! ओढलं, लाथा मारल्या, वरडली. पण सगळ्यायच्या घरी कूलर चालू, कोणाले ऐकू जाईन? धुरानं डोळे उघडेनात. पिंकी खोकलायची थांबली... तिथंच माझा अर्धा जीव गेला, अस्मिता.

तेवढ्यात तो वास आला. अन् ग्रिलच्या बाहेरून दोन हात. बारीक, म्हातारे.

"पोट्टी दे..." एकदम हळू आवाज. "आधी पोट्टी दे..."

झडप उघडी होती. मी पोट्टी दिली. मंग स्वतः कशी निंगाली, आठवत नाई. पाहते तं पिंकी शेवग्याखाली बसून रडून राहिली. तिचं ते रडणं ऐकून मी हसली वं, वेड्यासारखी. अंगणात दुसरं कोणीच नाई. अन् कुलूप? तसंच बंद, कडीतच लटकलेलं.

"मग... कोण होतं ताई ते?"

कोण काय! जिनं झडप बसवली तीच. मेल्यावरबी ड्युटी सोडली नाई माउलीनं. भेव कायचं? तिच्या घरात राहतो, याचा गर्व आहे मले.

भेव वाटून राहिलं ते कालपासून. म्हून तुले बोलावलं. या हप्त्यात आमची झडप एकदाबी उघडली नाई. वासबी गेला. अन् काल दुपारी मी गच्चीवर कुरडया काढाले गेली, तं बाजूच्या तुमच्या नव्या घराकडे नजर गेली. तुमच्या दाराले तं कुलूप आहे न? पण ऋषीच्या खोलीत, ग्रिलच्या आतून, तेच दोन म्हातारे हात एकेक गज चाचपून राहिले होते. खालून वर... वरून खाली... अन् सुटणारा गज त्यायले सापडत नव्हता.