मालकांचं नाव

दुपारी दोनचं इंजेक्शन देणं हे वॉर्डातलं सगळ्यात साधं काम. म्हणून तर ते विद्यार्थिनींवर सोडतात. सकाळची धावपळ संपलेली असते, नातेवाइकांना बाहेर काढलेलं असतं, पेशंट जेवून आडवे झालेले असतात. ट्रे उचलायचा, कागद बघायचा, औषध भरायचं, द्यायचं, सही करायची.

तुम्ही माझ्या मागे हसता ते मला ठाऊक आहे. संघप्रिया मॅडम पेशंटला तीन-तीनदा नाव विचारतात, जणू लग्न जुळवायला आल्यात! हसा. तुमच्या वयात मीही हसत होते. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे सगळं मला पाढ्यासारखं पाठ होतं आणि परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क होते. पाठांतराचं काय, पोपटही करतो. शेवटच्या वर्षाला मला सहा महिने घरी बसवलं होतं, हे तुमच्या कानावर आलंच असेल. का बसवलं ते आज सांगते. हा एवढा दिवा राहू द्या, मोठी लाईट नको.

कोल्हापुरातलंच एक ट्रस्टचं हॉस्पिटल, नाव कशाला घ्या. बायकांचा वॉर्ड, माझा तिथला पहिलाच दिवस. वॉर्डात दोन रत्नाबाई पाटील होत्या. एक सात नंबरच्या कॉटवर, रुकडीच्या पार्श्वनाथ पाटलांची बायको. तापाने आलेली, आता बरी, दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जाणार होती. दुसरी अकरा नंबरवर, कोडोलीच्या गणपतराव पाटलांची बायको. तिला पायाच्या जखमेसाठी आठ-आठ तासांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू होतं. आणि रुकडीच्या रत्नाबाईच्या कागदावर लाल शाईने लिहिलेलं होतं की हिला पेनिसिलिन चालत नाही.

तो लाल शाईचा कागद टेबलावर राहिला. माझ्या हातात कोडोलीचा कागद होता. ड्युटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "तू हो पुढं, मी आलेच." मी कशाला थांबतेय! गेले.

अकरा नंबरवर एक म्हातारी पडली होती. कोडोलीच्या बाईंना सोनोग्राफीला नेलेलं, सात नंबरवरचा पंखा बंद, म्हणून रुकडीची रत्नाबाई आपली उठून इकडे वाऱ्याला येऊन पडली होती. मला यातलं काही माहीत नाही. पण नियम माहीत होता. मी विचारलं, "आजी, पूर्ण नाव सांगा."

"रत्नाबाई पाटील."

"पूर्ण सांगा. मालकांचं नाव काय?"

म्हातारीने पदर तोंडाला लावला आणि सोळा वर्षांच्या पोरीसारखी लाजली. "इश्श! मालकांचं नाव कसं घिऊ गं बाई? तूच वाच की, कागद तुझ्याच हातात हाय."

मी वाचलं. रत्नाबाई गणपतराव पाटील. मनातल्या मनात वाचलं, बरं का. मोठ्याने वाचलं असतं तर तिने तिथल्या तिथे मला वेड्यात काढलं असतं. पण मला तिच्या लाजण्याचं हसू आलं. आमच्या आजीनेही जन्मात कधी आजोबांचं नाव घेतलं नव्हतं. मी हसत हसत तिच्या हाताला आधीच लावलेल्या सलाईनच्या सुईतून औषध सोडलं. कोणतं औषध चालत नाही, हेही विचारलं नाही. कागद कॉटच्या नंबराशी पडताळला आणि माणूस राहून गेलं.

सही करून वर बघितलं तर ती गळा खाजवत होती. मग ओठ सुजले. मग श्वास लागला. मी ओरडले, सगळे धावत आले, डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. कुणी केलं ते तिला कळलंच नव्हतं. मलाच सांगत होती, "ह्यांना... कळवू नगा बाई. घाबरत्यात." पंचवीस मिनिटांत ती गेली. तिच्या बोटांचे वळ माझ्या मनगटावर संध्याकाळपर्यंत होते.

पाच वाजता पार्श्वनाथ आजोबा डबा घेऊन आले. जैन माणसं दिवस बुडायच्या आत जेवतात, म्हणून ते रोज पाचलाच यायचे. त्यांना 'हार्ट' म्हणून सांगण्यात आलं. ते डबा मांडीवर घेऊन बाकावर बसले. "गरम हाय अजून," एवढंच म्हणाले. मी खांबाआड उभी होते. इनचार्ज सिस्टर माझ्या कानाशी लागल्या, "तोंड उघडलंस तर कॉलेजातनं काढतील. बापाचा विचार कर." माझे वडील गारगोटीत रिक्षा चालवायचे. मी तोंडाला कुलूप लावलं. पण अन्न गिळेना. ज्या हाताने इंजेक्शन दिलं तो हात ताटात घालवेना.

तिसऱ्या दिवशी पुन्हा दोनची पाळी माझ्यावर आली. वॉर्ड शांत, पडदे ओढलेले, बाहेर आभाळ भरून आल्याने आत संध्याकाळसारखा अंधार. पंख्यांची घरघर तेवढी चालू होती. चार नंबरवर अक्षता नावाची बाळंतीण होती. मी विचारलं, "पूर्ण नाव सांग."

"रत्नाबाई पाटील."

माझ्या हातातला ट्रे वाजला. "काय म्हणालीस?"

"अक्षता कृष्णात चौगुले. का वो सिस्टर? चेहरा असा का झाला तुमचा?"

म्हटलं, झोप नाही, कानांना भास होतोय. पाच नंबरला गेले. तिथली बाई झोपेतून उठत म्हणाली, "रत्नाबाई पाटील..." सहा नंबरची म्हणाली, "रत्नाबाई पाटील..." आवाज जिचे तिचे. पुन्हा विचारलं की प्रत्येक बाई आपलं खरं नाव सांगे आणि माझ्याकडे चमकून बघे.

अकरा नंबरची कॉट रिकामी होती. कोडोलीच्या बाई घाबरून दुसऱ्या वॉर्डात गेल्या होत्या. गादी गुंडाळून ठेवलेली. पण त्या कॉटजवळ पेनिसिलिनच्या पावडरीचा कुबट वास होता... माझ्या ट्रेमध्ये त्या दिवशी पेनिसिलिन नव्हतंच. मला काय झालं कोण जाणे, मी त्या रिकाम्या कॉटला विचारलं, "आजी... पूर्ण नाव सांगा."

आधी हसणं आलं. पदरातलं, दबलेलं, लाजरं. मग अगदी जवळून, माझ्या कानाशी... "तूच वाच की..."

मी ट्रे तिथेच ठेवला आणि वॉर्डाबाहेर पडले. इनचार्ज हाका मारत राहिल्या. दिवस कलेपर्यंत स्टँडवर बसून राहिले, मग मिळाली त्या एसटीने रुकडीला गेले.

आजोबांचं घर कुणीही दाखवलं. सोप्यात एकटेच बसले होते, देवापाशी दिवा लावलेला. समोर झाकलेलं ताट. मी म्हटलं, "आजोबा, जेवून घ्या आधी."

"आता कुठलं? दिवस बुडाला की. येळंवर हाक मारणारी गेली, ताट तसंच ऱ्हातंय रोज." मग त्यांनी चष्म्यातून बघितलं. "तू दवाखान्यातली व्हय?"

मी सगळं सांगितलं. कॉट, कागद, पेनिसिलिन, तिचं लाजणं, माझं हसणं. काही लपवलं नाही. बोलताना मी त्यांच्या पायांकडेच बघत होते.

त्यांनी समोरचं ताट हळूच बाजूला सारलं. मग म्हणाले, "म्हंजे तिनं माझं नाव घेटलं असतं तर... वाचली असती?"

मला खोटं बोलता आलं असतं. "हो, आजोबा. पण चूक माझी. तिची नाही. तुमचीही नाही."

"पन्नास वर्सं झाली लग्नाला. लई चिडवायचो, एकदा तरी घे. न्हाय घेटलं." आणि मग ते एकदम उठले. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान टरकन फाडलं, खिशातलं पेन काढलं. "नाव सांग तुझं. बापाच्या नावासकट. उद्या अर्ज देतो. तुला सोडणार न्हाय."

मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. कुणीतरी शिक्षा द्यायला तयार झालं होतं. मी मान वर केली, डोळे पुसले आणि स्पष्ट, सावकाश सांगितलं.

"रत्नाबाई पार्श्वनाथ पाटील."

ते माझ्याच तोंडून आलं. मला संघप्रिया धम्मपाल कांबळे म्हणायचं होतं... ओठ तसेच हलले होते. आवाज मात्र माझा नव्हता. लाजरा, थोडा हसरा होता. पेन त्यांच्या हातातून गळून पडलं. म्हातारा माणूस मटकन खाली बसला आणि दोन्ही हात माझ्यापुढे जोडले.

"पुन्यांदा म्हण... पोरी, पाया पडतो तुझ्या... एकदा आणि म्हण."

मी माझंच नाव घ्यायचा प्रयत्न केला. आईशपथ केला. पण पुन्हा तेच आलं. आजोबा लहान मुलासारखे हुंदके देत होते. त्यांनी तिसऱ्यांदा मागितलं.

अर्ज त्यांनी दिला नाही. दुसऱ्या दिवशी मीच कॉलेजात जाऊन घडलं ते सगळं लिहून दिलं, आणि सहा महिने घरी बसले. लोक म्हणतात, पोरीचं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं, ती म्हातारीच्या आवाजात स्वतःच बोलली असेल. पहिल्या दोन वेळांचं मी मान्य करते, असेल. पण तिसऱ्या वेळी मी दोन्ही हातांनी माझं तोंड गच्च दाबून धरलं होतं... आणि तरीही त्या सोप्यात तिने मालकांचं नाव घेतलं.