मुद्देमालातलं शिलाई मशीन

ही घटना शंभर टक्के खरी आहे. एका शब्दालाही तिखटमीठ लावलेलं नाही. पुरावा हवा असेल तर एवढंच सांगतो, की या प्रकाराची पोलिसांकडे कसलीही नोंद नाही.

मी स्वतः असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. मी विमा कंपनीत दावे तपासायच्या विभागात आहे. समोरचा रडत रडत सांगत असला, तरी तो बनाव असणार असं धरून चालायचं, याचाच मला पगार मिळतो.

तरीही…

त्या दिवशी पोलीस ठाण्यात मी हजर होतो. मंगळवार होता. ऐन उन्हाळ्यातली दुपार होती. भुताटकी रात्री होते म्हणतात. ही भरदुपारी झाली. रात्री आमच्या ठाण्यात कुणी दाद देत नाही, हे जिवंत माणसांना ठाऊक आहे तसं मेलेल्यांनाही असावं.

आधी मागचं सांगतो.

माझ्या मावशीचा नवरा शिंपी. अख्खा बाजार त्यांना मास्तर म्हणायचा, म्हणून मीही मास्तरच म्हणायचो. ठाण्याच्या समोर त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक शटर, एक आरसा आणि पायाने चालवायचं एक जुनं मशीन. मास्तर कापायचे आणि शिवायचे. काजं, बटणं आणि गिऱ्हाइकांशी भांडणं मावशीकडे.

ठाण्यातल्या निम्म्या वर्द्या मास्तरांच्या हातच्या. फुकट, हे वेगळं सांगायला नको.

एके दिवशी एक नवा पोलीस वर्दीचं माप द्यायला आला. उंच, शांत, खालच्या आवाजात बोलणारा. म्हणाला, “घाई नाही मास्तर, सवडीने द्या.”

मास्तरांनी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

तो माणूस तोतया होता. नवी वर्दी घालून तो काही महिने आमच्या बाजारात गस्त घालत होता. म्हाताऱ्याकोताऱ्यांना रस्ता ओलांडून द्यायचा. भाजीवालीची चोरीला गेलेली हातगाडी त्याने शोधून आणली. दोन भावांची हाणामारी दोघांना समोरासमोर बसवून मिटवली. लोकांना जरा विचित्र वाटायचं, पण म्हणायचे, नवीन आहे बिचारा, रुळेल हळूहळू.

पकडला गेला तो चहाच्या टपरीवर. चहा प्यायला आणि पैसे दिले. चहावाला इतका घाबरला, की धावत ठाण्यात जाऊन त्याने विचारलं, “साहेब, माझं काही चुकलं का?”

झालं. तोतयाला कोठडीत घातलं. फोटो काढायचे म्हणून वर्दी अंगावरच ठेवली. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी कोठडीची कडी लावायला विसरलं. तो उठला, टोपी घातली आणि पुढच्या दाराने चालत बाहेर गेला.

दारावरच्या शिपायाने त्याला कडक सलाम ठोकला.

आता एवढी शोभा झाल्यावर कुणीतरी आत जायलाच हवं. मास्तर समोरच राहत होते.

ठाण्याच्या साहेबांनी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला. गिऱ्हाईक तोतया आहे हे माहीत असूनही मी वर्दी शिवली, असा मजकूर. मास्तर म्हणाले, “साहेब, मी माणसाची छाती मोजतो. नोकरी नाही मोजत.”

सही केली नाही. म्हणून मशीन जप्त झालं. गुन्ह्यातलं हत्यार म्हणून. हातभर लांबीची कात्री शेजारीच टेबलावर होती, ती कुणाच्या नजरेत आली नाही.

मशीन मुद्देमालाच्या खोलीत गेलं. मुद्देमाल म्हणजे पोलिसांनी जप्त केलेलं सामान. एकदा त्या खोलीत गेलेली वस्तू बाहेर येताना आमच्या बाजारात कुणी पाहिलेली नव्हती.

मास्तर रोज दुपारी ठाण्यातल्या बाकावर जाऊन बसायचे. हवालदार रोज सांगायचा, “साहेब बंदोबस्तात आहेत. उद्या या.”

एका दुपारी हवालदाराने हे तीनदा सांगितलं, तरी मास्तर उठले नाहीत.

चौथ्यांदा त्याने खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं.

मास्तर बाकावरच गेले होते. हात मांडीवर. उजवा पाय थोडा पुढे, मशीनवर असायचा तसा.

मावशी रडली ती घरी. पुढच्या आठवड्यापासून तीच त्या बाकावर जाऊन बसायला लागली. शाळा उघडायच्या आत गणवेश शिवून द्यायचे होते, त्यावर तिचं वर्ष निघणार होतं. आणि मशीनशिवाय गणवेश होत नाहीत. हवालदार म्हणाला, “मावशी, साहेब म्हणतायत, मास्तरांच्या वतीने तुम्ही सही करा त्या कागदावर. प्रकरण मिटेल. मशीन घेऊन जा.”

मावशी म्हणाली, “मी बसते.”

मग एके संध्याकाळी तिचा मला फोन आला.

“अरे, मास्तर कामाला लागलेत.”

मला वाटलं, धक्क्याने झालंय. मी समजुतीचं काहीतरी बोलायला लागलो.

“गप्प बस आणि ऐक. मुद्देमालाच्या खोलीतून मशीनचा आवाज येतो. कुलूप बाहेरून आहे. हवालदार म्हणतो उंदीर आहेत.”

“असतील की, मावशी.”

“उंदीर कडेला आल्यावर थांबतात? पाय उचलून कापड वळवतात? आणि मग दुहेरी टीप मारतात?”

याला विम्याच्या नियमांत उत्तर नव्हतं.

पुढचं मला चहावाल्याने सांगितलं. चहावाला खोटं बोलत नाही. गेल्या वेळी खरं बोलून त्याने एका माणसाला कोठडीत पाठवलं, तेव्हापासून तर तो फारच जपून बोलतो.

हवालदार नेहमीप्रमाणे बाजाराच्या फेरीला निघाला होता. फेरी म्हणजे दुकानाशी थांबायचं, हवापाण्याचं विचारायचं, मुठीत आलेलं खिशात टाकायचं. फळवाल्यापाशी थांबला. मूठ भरली. हात खिशाकडे गेला…

आत गेलाच नाही.

दुसरा खिसा चाचपला. तोही बंद.

मागचा. बंद.

खिशांच्या तोंडांवर बारीक, एकसारखी, दुहेरी टीप. जणू कधी खिसे नव्हतेच.

हवालदार भर बाजारात नोटा हातात धरून उभा. कुठे ठेवाव्यात ते कळेना. टोपीत ठेवून बघितल्या. फळवाल्याने अगदी आदराने विचारलं, “पिशवी देऊ का साहेब?”

आमच्या बाजारात पोलिसांदेखत कुणी हसल्याची ही पहिलीच वेळ.

त्याने टिपा उसवून घेतल्या. दुसऱ्या दिवशी खिसे पुन्हा बंद. मग एकेकाचे होत गेले. शिपाई, जमादार, गाडीचा चालक. कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या वर्द्यांचेही.

हवालदाराने एक दिवस वर्दी काढलीच नाही. अंगातल्या वर्दीनिशीच झोपला. सकाळी उठला आणि खिशाला हात लावला…

त्या दिवशी तो बाजाराकडे फिरकलाच नाही म्हणे.

बाजाराला मात्र कंठ फुटला होता. भाजीवाली गस्तीच्या शिपायाला हाक मारून म्हणायची, “काय दादा, आज हात मोकळेच?” कुणी वर्दीवाला दिसला की लोक आधी त्याच्या खिशाकडे बघायचे, मग तोंडाकडे. पूर्वी दोन्हीकडे बघत नसत.

अखेर साहेबांचं बोलावणं आलं. मावशीने मला सोबत नेलं. तो हाच मंगळवार.

ठाण्यात शिरलो तेव्हा विचित्र शांतता होती. पंखे चालू होते. फोन वाजत नव्हते. पाच-सहा पोलीस होते, पण सगळे भिंतीशी. मधल्या बाकावर कुणीही बसलेलं नव्हतं.

मावशी जाऊन बसली. टोकाला. शेजारी एका माणसाची जागा सोडून.

आणि मग…

खड्… खड्खड्खड्खड्…

आतून. मुद्देमालाच्या खोलीतून.

मी हा आवाज लहानपणापासून ओळखतो. सुट्टीत मावशीकडे आलो की याच आवाजात झोपायचो.

लांब टीप. थांबणं. कापड वळवण्याएवढी शांतता. पुन्हा टीप.

मग खोकला. एकच. कोरडा.

“हाही उंदीर का हो?” मावशीने हवालदाराला विचारलं.

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. मी विम्यातला माणूस असल्याचं कुणीतरी त्याला सांगितलं असावं. त्याच्या डोळ्यांत प्रश्न होता. मी नजर चुकवली.

साहेब केबिनमधून बाहेर आले. तरुण, इस्त्रीतले, रागावलेले. “बास झाला हा तमाशा. उघडा ती खोली. आतलाच कुणीतरी चावटपणा करतोय.”

हवालदाराने कुलूप काढलं. दार उघडताक्षणी आवाज थांबला.

आत सायकली, गोणी, फुटका टीव्ही, आणि कोपऱ्यात मशीन. फळीवर बोटभर धूळ. धुळीवर एकही ठसा नाही.

मावशी पुढे झाली आणि खाली वाकली. “याचा पट्टा कुठाय?”

“तो… आणतानाच तुटला होता,” हवालदार म्हणाला. “फेकून दिला.”

पट्टा म्हणजे खालच्या चाकाचा जोर वरच्या चाकाला देणारी चामड्याची वादी. ती नसेल तर पाय कितीही मारा, सुई हलत नाही.

“मग चालतंय काय?”



मी सुईकडे बघितलं. सुईत दोरा ओवलेला होता.

खाकी.

रीळ कुठेच नव्हतं.

साहेबांनी स्वतः दाराला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरली. आम्हाला केबिनमध्ये नेलं. टेबलावर तोच कागद होता, फक्त मास्तरांच्या नावाआधी आता ‘मयत’ असा शब्द घातलेला.

“बाई, मी स्पष्ट बोलतो. मशीन मला आजच्या आज इथून हलवायचंय. तुम्हाला हवंय. तुमच्या नवऱ्याला आता काय फरक पडतो? सही करा आणि घेऊन जा.”

मी मावशीच्या कानात म्हणालो, “कर सही. गणवेश राहतील गं.”

“तू दावे नाकारतोस ना? मग शिक.” ती साहेबांकडे वळली. “साहेब, माझा माणूस चाळीस वर्षं तुमच्या लोकांच्या पोटांची मापं घेत आला. कुणाचं किती सुटलं ते त्याने कधी बाहेर सांगितलं नाही. तो लबाड होता असं मी लिहून देऊ? मशीन सडू दे इथे. मी हाताने शिवेन.”

“हाताने किती शिवाल?”

“तुम्ही मोजत बसा.”

साहेबांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं. तिच्यापुढे आपटलं. “सही.”

मावशीने हातांची घडी घातली.

आणि तेव्हा…

खड्खड्.

भिंतीपलीकडून. अगदी छोटी टीप. वीतभरही नसेल.

थांबली.

दोरा तोडल्याचा आवाज आला. कट्.

साहेब हसले. घाम फुटला होता, तरी हसले. मावशी सही करत नाही म्हटल्यावर त्यांनी पेन उचललं आणि परत खिशात ठेवायला गेले…

पेन घसरून खाली पडलं.

त्यांनी मान खाली घालून बघितलं. मीही बघितलं. आत्ता, आमच्या डोळ्यांदेखत ज्या खिशातून पेन निघालं होतं, तो खिसा बंद होता. छातीवर. डाव्या बाजूला. बारीक, एकसारखी, दुहेरी टीप.

टीप श्वासाबरोबर वरखाली होत होती.



मावशीने वाकून पेन उचललं. साहेबांच्या हातात दिलं. कागद उलटा केला आणि कोरी बाजू त्यांच्याकडे सरकवली.

“आता तुम्ही लिहा. मास्तरांनी गिऱ्हाइकाचं माप घेतलं आणि कपडे शिवले. त्यांचा काही दोष नव्हता. मशीन ठाण्याने विनाकारण नेलं. खाली सही. शिक्का विसरू नका.”

“बाई, हे असं लिहिता येत नाही.”

“मी बसते,” मावशी म्हणाली.

साहेबांनी छातीवर हात ठेवला. भिंतीकडे बघितलं. मग लिहिलं. शिक्का हवालदाराने मारला, न सांगता, दोनदा.

मशीन बाहेर काढायला पोलिसांपैकी कुणी हात लावेना. मावशी दारात जाऊन ओरडली, “अरे, आहे का कुणी?” चहावाला आला, फळवाला आला, भाजीवाली आपली हातगाडी घेऊन आली. एरवी ठाण्याची पायरी चढायलाही जे घाबरत, ते लोक आत शिरले आणि मशीन उचलून पुढच्या दाराने घेऊन गेले. कुणाची परवानगी विचारली नाही. हवालदार बाजूला सरकला.

भाजीवाली जाता जाता त्याला म्हणाली, “येत जा हो दुकानावर. भाजी घ्यायला.”

मशीनला नवा पट्टा बसला. गणवेश वेळेत झाले. साहेबांचा कागद मावशीने आरशाशेजारी चिकटवलाय, माप देणाऱ्याला सरळ समोर दिसेल असा. मशीन आता मावशीच्या पायाशिवाय चालत नाही.

खुलासा माझ्याकडे नाही. साहेबांच्या खिशाचं मला अजून स्वप्न पडतं. परवा ऑफिसात एका विधवेचा दावा माझ्या टेबलावर आला होता. नाकारायचं पत्र तयार होतं, फक्त सही हवी होती. मी सवयीने पेन घ्यायला शर्टाच्या खिशाकडे हात नेला आणि का कोण जाणे, खिशाला हात लावायचं धाडसच झालं नाही. दावा मंजूर केला.

ठाण्यातल्या वर्द्यांचे खिसे अजूनही अधूनमधून शिवलेले सापडतात, असं चहावाला सांगतो. पण त्याबद्दल ठाण्यात आता कुणाची तक्रार नाही. हवालदार हल्ली मोबाइलवर घेतो.