बारावी चूक

आमची ओळख झाली ती एका 'आसेल'वरून. त्या ओळखीत मी इतक्या आगाऊपणे वागले, की आजही वहिनी चारचौघांत तो किस्सा सांगायला लागली की मी पाणी आणायच्या निमित्तानं उठते.

त्याचं असं झालं... आत्या छोट्या घरात राहायला गेली आणि तिचं शिलाई मशीन माझ्या गळ्यात पडलं. मला शिवणातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण खोलीचे पडदे मी स्वतः शिवणार असं मोठ्या तोऱ्यात जाहीर करून बसले होते. पहिली टीप मारली. वरून छान, सरळ. खालून मात्र दोऱ्याचा नुसता गुंता! दादा म्हणाला, "पडदा उलटा लाव, लोक रस्त्यावरून बघतील." वहिनीला माझी दया आली. तिनं मला फोनवरच्या एका गटात घातलं.

गटाचं नाव 'शिलाई मशीन : अडचण सांगा'. दोनशे चौदा माणसं. मी फोटो टाकला आणि दोन मिनिटांत उत्तर आलं –

"बाँबीन ऊलटी बसवली आसेल. काडून बगा."

आता इथे माझा धंदा सांगायला हवा. औषधाच्या खोक्यात घडी घातलेली एक चिठ्ठी असते ना, जी कुणीही वाचत नाही? ती मी वाचते. छापायच्या आधी, नऊ ते सहा, हातात लाल पेन घेऊन. तिथे एखादा 'नये' गळला तर माणूस नको ती गोळी घेऊन मोकळा व्हायचा! त्यामुळे चूक दिसली की माझा हात आपोआप चालतो. ऑफिसात मला 'लाल पेन' म्हणतात. घरी काय म्हणतात ते जाऊ दे.

तर मी लिहिलं, "बॉबिन. उलटी. असेल. काढून. बघा."

बस्स, एवढंच. मग बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची ती छोटी रीळ, काढून पाहिली तर खरंच उलटी होती. सरळ बसवली आणि टीप अशी पडली की बघत राहावं. पण आभार मानायला मी परत गटावर गेले का? नाव नको. शेवटी त्या उत्तर देणाऱ्यानंच विचारलं, "मॅडम, टीप सूधारली का?"

"सुधारली," मी लिहिलं.

"हे ऊत्तर आहे का दूरुस्ती?"

मी एकटीच खो खो हसले. वहिनीनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि काही न बोलता परत आत गेली. वहिनी काही बोलत नाही तेव्हा समजावं, तिनं सगळं पाहिलंय.

त्याचं मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. गटात सगळे त्याला मशीनदादा म्हणायचे. पिशव्या शिवणारे सत्तरीचे आजोबासुद्धा! मी मात्र त्याला कधीच 'दादा' म्हटलं नाही. का म्हटलं नाही, हे माझ्याआधी वहिनीला कळलं.

मग काय, माझं मशीन रोज आजारी पडायला लागलं.

"वरचा दोरा सारखा तुटतोय," मी विचारायची.

"टेन्शन जास्त आहे."

"कुणाचं?"

"मशीनचं. पूढच्या बाजूला चकती आहे, ती सैल करा." आणि थोडं थांबून, "तुमचं पन जास्तच दिसतंय."

"पण."

"पन."

"पण!"

"बगा, वाडलं."

मी 'बघा, वाढलं' असं लिहिलं आणि फोन उशीखाली लपवला... लपवण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे. पडदे तर कधीच शिवून झाले होते. मी उशांचे अभ्रे शिवले, टेबलाची चादर शिवली, दादाच्या जुन्या सदऱ्यांच्या पिशव्या शिवल्या. घरात शिवायला काही उरलं नाही, तेव्हा चांगलं फडकं फाडून परत शिवलं.

आणि तीन महिन्यांनी मी हात दाखवून अवलक्षण केलं.

पिशव्यावाल्या आजोबांची सुई तीनदा तुटली होती. त्यानं त्यांना भलंमोठं उत्तर लिहिलं. सुईची सपाट बाजू कुठे हवी, स्क्रू किती आवळायचा, कापड मागून ओढायचं नाही, सगळं बारकाईनं. त्यात अकरा चुका होत्या. मी काय करावं? त्या उत्तराचा फोटो काढला, अकराच्या अकरा चुकांभोवती लाल गोल काढले आणि गटावर टाकला. वर एक डोळा मारणारा चेहरा. मला वाटलं, आमची नेहमीची गंमत आहे. तो म्हणेल 'पन', मी म्हणेन 'पण'.

पण दोनशे चौदा माणसांत आमची गंमत कुणाला ठाऊक होती? कुणी दात काढणारे चेहरे टाकले. कुणी लिहिलं, "मशीनदादा, आधी शाळा दुरुस्त करा." मग आणखी एक जण, मग चौथा... तेवढ्यात त्याचं उत्तर आलं –

"मी ईथे मदत करायला येतो मॅडम. पन तुम्ही मला प्रत्येक वाक्याला आवडता. सगळ्यांसमोर आवडता. आता मी लिहनार नाही."

आणि खाली करड्या अक्षरांत, त्यानं गट सोडल्याची ओळ.

गटात नुसता दंगा उसळला. बदाम काय, फुलं काय, "अभिनंदन" काय! आजोबांनी लाल बदाम टाकला. लोकांना वाटलं, भर गटात प्रेमाची कबुली देऊन गडी लाजून पळाला.

खरं काय ते मला एकटीला कळलं होतं. तीन महिने मी त्याची अक्षरं वाचत होते. तो 'अ'चा 'आ' करतो. 'असेल'चं 'आसेल'. त्याला लिहायचं होतं 'अडवता'. प्रत्येक वाक्याला अडवता, सगळ्यांसमोर अडवता. त्यानं 'आडवता' लिहिलं असणार, आणि माझ्याइतक्याच आगाऊ फोननं त्याचं परस्पर 'आवडता' करून टाकलं.

एका शब्दात खुलासा झाला असता. मी टाइप केलं, 'अडवता'. पुसलं. परत केलं, परत पुसलं. जन्मात पहिल्यांदा एक चूक मला दुरुस्त करवेना.

दुसऱ्या दिवशी गट चालवणाऱ्या ॲडमिनकाकूंचा फोन. काकूंचं पडद्यांचं मोठं दुकान, आणि आवाज दुकानाहून मोठा.

"हे बघ मुली, इथे मशीन उघडतात. माणसं उघडी पाडत नाहीत, समजलं? आजोबा काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, मला तर सगळं समजलं होतं हो, सुई आता तुटत नाही. ज्याला विचारलं त्याला कळलं, मग तुझं मध्ये काय अडलं?"

"चुकलं, काकू."

"ते मला काय सांगतेस? त्याला सांग. मी त्याला तीनदा बोलावलं, तो येत नाही. पत्ता लिहून घे."

गटाला तो हवा होता, हे खरंच. पण खोटं कशाला बोलू, मलाच तो हवा होता. रोज संध्याकाळी फोन हातात घ्यायची आणि एकही 'पन' नाही... सगळ्यांचं शुद्ध, आणि सगळं बेचव. तो कायमचा गेला तर माझ्याच हातानं गेला, हे मनातून जाईना. शनिवारी दुपारी मशीनचं डोकं पिशवीत घालून निघाले. वहिनी दारात म्हणाली, "बिघडलंय काय त्याचं?" मी म्हटलं, "काही नाही." ती म्हणाली, "मग नीट ने, वाटेत बिघडव."

दुकान गल्लीच्या टोकाला, तीन पायऱ्या चढून. आत तेलाचा वास आणि फळीवर ओळीनं मांडलेली मशीनं. तो पाठमोरा वाकून कुठल्यातरी मशीनच्या पोटात बघत होता. पाचावर धारण बसली माझी! समोर छोटे छोटे खण होते, त्यांवर त्याच्या हातच्या चिठ्ठ्या. 'सूया – बारिक'. 'सूया – जाड'. 'तूटलेल्या, टाकु नये'.

"बारीक," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याचे हात थांबले. वळला नाही. "ऱ्हस्व का दीर्घ?"

"...दीर्घ."

"म्हणजे तुम्हीच त्या."

तो वळला. गालावर तेलाचा डाग, चष्मा कपाळावर, बाहीला चिकटलेला निळ्या दोऱ्याचा तुकडा. मी रागाची तयारी करून आले होते. पण तो नुसता बघत राहिला, आणि मला माझ्या हातांचं काय करावं ते कळेना. मी पर्समधून कागद काढून त्याच्यापुढे धरला.

"माफी आहे. लिहून आणलीय."

"तपासली?"

"तीनदा."

त्यानं चष्मा खाली घेतला आणि सावकाश, बोट फिरवत वाचलं. "सगळं शुद्ध आहे. पन बॉबिनचं काहीच नाही यात."

माझे कान तापले. "बॉबिन... उलटीच होती. आभार."

"तीन महिन्यांनी?"

"'उशीर'मधला 'शी' दीर्घच असतो."

तो हसला. अगदी मनापासून, खांदे हलवत. मग हसू ओसरलं आणि कागदाची घडी घालत म्हणाला, "माझी शाळा दुसऱ्या भाषेत झाली. मराठी मला आईनं दिली, तीही नुसती बोलून. ती गेल्यावर घरात मराठी बोलायला कुणी उरलं नाही. म्हणून गटावर येत होतो. ती जशी बोलायची तसं लिहितो. ती 'बगा' म्हणायची."

मला रडूच आलं. इतके दिवस मी कुणाच्या शब्दांवर लाल पेन चालवत होते!

"मला ठाऊक नव्हतं हो," मी म्हणाले. "पण ठाऊक नसताना तरी का हसावं? चुकलंच माझं."

"तुमचं मला गमतीचंच वाटायचं. त्या दिवशी सगळे हसले, ते लागलं." त्यानं टेबलावरचा स्क्रू उगाच इकडून तिकडे सरकवला. "एक विचारू? माझ्या शेवटच्या ओळीत एक मोठी चूक होती. गटातल्या एकानं फोन करून अभिनंदन केलं तेव्हा मला कळली."

"हं."

"तुम्हाला तेव्हाच कळली आसेल."

"...हं."

"अकरा चुका गोल करून दाखवल्यात. बारावी का सोडलीत?"

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी खणांकडे बघितलं, पायांकडे बघितलं, शेवटी त्याच्याकडे बघितलं. म्हटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे.

"ती... मला चूक असू नये असं वाटलं."

त्यानं खिशातून फोन काढला, काकूंना कळवलं, आणि मिनिटभरात गटात परत आला. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले, न जाणो, सवयीनं पुढे जायचे! एका बोटानं, अक्षर शोधत शोधत त्यानं लिहिलं, "परत आलो. आजोबा सूई कशी आहे?"

आजोबा टपूनच बसले होते. "सुई ठणठणीत. पण त्या दिवशी तुमच्या ओळीवर मी बदाम टाकला होता. तो ठेवू का काढू?"

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग परत ते एक बोट चालू लागलं, इतकं हळू की माझा जीव टांगणीला...

"तेव्हा मला आडवता लिहायचं होतं. फोननं आवडता केलं." हे गेलं. मग दुसरी ओळ. "फोन बरोबर होता. बदाम ठेवा."

मी पाठीमागचे हात सोडवले आणि पर्समधून फोन काढला. दोनशे चौदा माणसं वाट बघत होती, लाल पेन आता काय म्हणतंय. मी लिहिलं,

"मला पन."

फोननं त्या 'पन'खाली लगेच लाल रेघ ओढली. म्हटलं, ओढू दे.