रेकॉर्डखालची गुणगुण

डॉक्टर दातांचे, पण वेड पियानोचं. पेशंटच्या तोंडात ड्रिल आणि कानात सोनाटा, अशी दवाखान्यातली रीत. ओरडायचं तर तालात ओरडा, म्हणायचे. संगीतकार मात्र एकच, तोही कधीच वारलेला. "रचना संपवताना बाकीचे दार आपटून जातात, हा कधी उठून गेला ते कळतसुद्धा नाही," असं ते त्याच्याबद्दल येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. त्याने स्वतः वाजवलेली एकुलती एक रेकॉर्ड त्यांच्याकडे होती. वाजवता वाजवता तो गुणगुणायचा, ते पियानोच्या खालून ऐकू यायचं. डॉक्टरांचा सगळा जीव त्या गुणगुणीत.

"आला वाटतं तुमचा म्हातारा," बायको म्हणायची आणि भांडी आवरताना मुद्दाम त्याला साथ द्यायची. सूर कशाशी खातात ते तिला ठाऊक नव्हतं. वरच्या चढावर ती हमखास घसरायची, डॉक्टर कपाळाला हात लावायचे. रेकॉर्ड तिसऱ्यांदा लागली की म्हणायची, "अहो, पुरे आता."

मग तिला झटका आला आणि वाचाच गेली. घर खायला उठलं. तोच बेसूर आवाज परत यावा, दुसरं काही नको, असं डॉक्टरांना झालं. रोज सकाळी तिला उशांना टेकवून बसवायचं, मधलं दार उघडं टाकायचं आणि बाहेरच्या खोलीत रेकॉर्ड लावायची, एवढंच त्यांच्या हातात होतं.

एका सकाळी आतून गुणगुण आली. डॉक्टर ढसाढसा रडले. मुलीला फोन करून "आई गातेय" एवढंच सांगितलं.

मुलगी आली, बराच वेळ ऐकत बसली.

"बाबा, आई सुरात कधीपासून गायला लागली?"

"आजारात होतं काहीबाही."

खटकलं त्यांनाही होतं. चढ आला आणि ती घसरली नाही. आवाज जाड, पुरुषी. इकडे रेकॉर्डवरची गुणगुण रोज विरत चालली होती. सुई झिजली असेल म्हणून त्यांनी नवी बसवली. पियानो लख्ख झाला, त्याच्याखाली काहीच नव्हतं.

पुढे रेकॉर्ड संपली तरी ती थांबेना, वेगळंच काही गुणगुणू लागली. ती रचना डॉक्टरांनी कधी ऐकली नव्हती. कोणाची, ते मात्र लगेच ओळखलं. मेलेल्या माणसाचं नवं काम. त्यांच्या अंगावर काटा आला, आणि मग लाज वाटली, कारण तो भीतीचा नव्हता.

"ही आई नाही," मुलगी म्हणाली. "बाबा, थांबवा हे."

मुलगी घरी परतल्यावर त्यांनी पुन्हा रेकॉर्ड लावली.

पियानोखाली कुणीतरी गुणगुणत होतं.

चढ आला. आवाज घसरला.

डॉक्टर खाली बसले.

"अहो," रेकॉर्डमधून आवाज आला, "पुरे आता."

आत नव्या रचनेचा दुसरा भाग सुरू झाला होता. दोन्ही एकदम नीट ऐकू येईनात.

डॉक्टरांनी हात पुढे केला आणि रेकॉर्डचा आवाज बारीक केला.